मिठाचा ग्रह, भाग दुसरा

८ नोव्हेंबर, शनिवार

खोटं बोलले. पुन्हा तेच खोटं, जवळपास त्याच शब्दांत.

सकाळी एका मुलीचा फोन आला. अश्लेषा नाव, विरारला राहते, जुन्या मराठी मालिकांवर व्हिडिओ करते. 'तारापार'बद्दल विचारत होती. अठ्ठावीस वर्षांनी कुणी 'तारापार'चं नाव घेतलं! मी तर हुरळूनच गेले. थर्माकोलचं अवकाशयान, स्कूटरच्या हेल्मेटांना चंदेरी रंग मारलेला, तेरा भाग — आणि मी सहाय्यक दिग्दर्शक, वय अठ्ठावीस. कुणाच्या तरी माळ्यावर टेपा सापडल्या म्हणे. पहिले तीन भाग तिने यूट्यूबवर टाकलेत. दुसरा भाग सगळ्यांत जास्त बघतायत लोक, 'मिठाचा ग्रह'. मग तिने विचारलं — मॅडम, त्या ग्रहावरच्या बाईचा मेकअप कुणी केला? आजही असा जमत नाही कुणाला.

मी म्हटलं, "मीच. तीन तास लागायचे."

श्रीरंग समोर पेपर वाचत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, तू मेकअप करायचीस हे मला कधी बोलली नाहीस. म्हटलं, करायचे थोडाफार. आणि कुकर लावायला उठले.

९ नोव्हेंबर

लिहायला बसले. नाही लिहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

या वहीत तरी खोटं नको.

मेकअप नव्हता. ती खरी बाई होती. यमुना नाव तिचं, उमेळ्याची, मिठागरावर कामाला. तोंडावर, मानेवर, दोन्ही हातांवर कोड. पांढरे मोठे डाग, कडा अगदी रेखीव. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालत येत होती. सगळं पांढरं — जमीन पांढरी, ढीग पांढरे, आणि त्यातून ती. सरांनी, आमच्या दिग्दर्शकांनी, माझा दंड घट्ट धरला. म्हणाले, आशा, ही. मला ही पाहिजे. कशी आणायची ते तू बघ.

मी बघितलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. अवकाश, ग्रह असलं काही सांगितलं तर येणार नाही, हे मला दारातच कळलं. मग मी सांगितलं की ही सरकारी फिल्म आहे, कोडावरची. त्यात डॉक्टर असतील. ते लोकांना सांगतील, हे शिवून पसरत नाही. ते तुमचा हात हातात घेऊन दाखवतील.

कुठून सुचलं एवढं? काही विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप येत गेलं.

ती आधी नकोच म्हणत होती. मग तिने विचारलं, खरंच सांगतील ना डॉक्टर? मिठागरावर बाया तिचं पाणी वेगळं ठेवायच्या. सरकार बोललं तर ऐकतील, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आली. धुतलेलं पातळ नेसून, केसांना तेल लावून. सरांनी केस विस्कटायला लावले. विस्कटले मी.

नंतर एका पेपरात छापून आलं, रंगभूषेची कमाल वगैरे. सर हसून म्हणाले, राहू दे, तुझं नाव सांगू. ते राहिलंच. नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, लग्नाच्या बोलण्यात सांगितलं — नाही, श्रीरंगला नाही. पण त्याच्या बहिणीला सांगितलंय!

१२ नोव्हेंबर

दुपारी भाग बघितला. श्रीरंग बँकेतल्या जुन्या मित्रांकडे गेला होता. चोरून बघावं तसा बघितला. आवाज बारीक.

आधी हसू आलं. यान हलतं तेव्हा मागचा पडदा हलतो. कप्तानाच्या मिशीची एक बाजू सुटलेली. आणि मग मिठागर आलं, आणि हसू थांबलं. फार सुंदर दिसतं. खोटं कशाला लिहू — सुंदरच दिसतं. भर दुपारचं ऊन, मिठाचे ढीग, क्षितिजापर्यंत काही नाही. आता तिथे बिल्डिंगा झाल्यात.

मग ती येते. कॅमेरा जवळ जातो. तोंड, मान, मग हात. ती हात पुढे करते. तो शॉट मी समजावला होता. म्हटलं होतं, आता डॉक्टर तुमचा हात धरणार आहेत, तसा पुढे करा. म्हणून तिच्या तोंडावर ते तसं हसू आहे. लाजरं, वाट बघणारं. लोकांनी खाली लिहिलंय, काय अभिनय आहे.

पुढच्याच शॉटमध्ये यानाचा डॉक्टर. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. थेट कॅमेऱ्यात बघून बोलतो —

"हिला हात लावू नका. हे डाग स्पर्शाने पसरतात. एका स्पर्शाने."

आणि सगळे यानाकडे पळतात. मग पुन्हा तिचा तोच शॉट. ती तशीच उभी. हात पुढे.

भाग संपल्यावर टीव्ही बंद केला. काळ्या काचेत माझं तोंड दिसत होतं. उठून बाल्कनीत गेले. खाली शेजारची ब्रेंडा मासे घेत होती. वर बघून हात केला तिने. मीही केला.

सरांनी असं वाक्य घालायला नको होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बुधवारचं शेवटचं वाक्य वाचलं. खोडणार होते. नको, राहू दे. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला काय सांगत आले ते दिसतं त्यात.

वाक्य सरांचं नाही. माझं आहे.

पटकथेत मिठाचं वादळ होतं. वादळाला घाबरून ते लोक पळतात, असं. मोठा पंखा आणला होता भाड्याने, तो चाललाच नाही. ऊन उतरायला लागलं. सर ओरडत होते, पळायला कारण द्या कुणीतरी, पाच मिनिटांत द्या. लेखक मुंबईत. आणि मी बोलले — "सर, डाग संसर्गजन्य असतील तर?"

त्यांनी पाठीवर थाप मारली. लिही, म्हणाले. शॉटच्या नोंदींच्या कागदामागे, मांडीवर पॅड ठेवून मी लिहिलं. 'एका स्पर्शाने' हे आधी नव्हतं. परत वाचलं, जोर कमी वाटला, म्हणून घातलं.

यमुना तोवर घरी गेली होती. तिचं काम दुपारीच संपलं होतं. जाताना मला विचारलं, डॉक्टर कुठे आहेत? म्हटलं, त्यांचं वेगळं घेणार आहोत. ते खरंच होतं!

तिसऱ्या भागापासून मी मुख्य सहाय्यक झाले.

ती मालिका बघेल, कुणी तिला सांगेल, असं काही तेव्हा मनात आलं नाही, असं लिहिणार होते. आलं होतं. शनिवारी संध्याकाळी तो भाग लागला तेव्हा मी गिरगावात आईकडे होते. आई म्हणाली, किती छान झालाय. मला ताप आल्यासारखं झालं. जेवले नाही. सोमवारी परत कामावर.

मग लग्न, मग पापडीला हा फ्लॅट. एकवीस वर्षं इथे आहोत. उमेळं काय लांब आहे? रिक्षाने जाता येतं. श्रीरंगच्या मित्राने तिकडे घर घेतलं, वास्तुशांतीला माझं डोकं दुखत होतं. त्याच्या मुलाच्या मुंजीलाही दुखत होतं.

१७ नोव्हेंबर

अश्लेषाचा मेसेज — मुलाखत रविवारी घेऊया? मेकअपवर वेगळा भाग करणार आहे. जुने फोटो असतील तर शोधून ठेवा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तिलाच घरी बोलावलं. आली. बारीकशी, चोवीस-पंचवीसची, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग. कॅमेरा काढू नकोस म्हटलं.

सांगितलं. श्रीरंगसमोरच सांगितलं. तो आत जायला निघाला होता, मी थांबवलं. अश्लेषा चहाच्या कपाच्या कानाशी खेळत होती. माझं संपल्यावर म्हणाली, मॅडम, तुम्हाला एक सांगू का, हे मेकअपपेक्षा मोठं आहे. आपण त्यांना शोधूया. मी कॅमेरा घेऊन येते. लोकांना कळायला हवं.

लोकांना कळायला हवं! मी अगदी हेच म्हणाले होते यमुनाच्या दारात.

म्हटलं, नाही. कॅमेरा नाही. आणि तो भाग काढून टाक. तिचा चेहरा उतरला. लाखाच्या वर लोकांनी बघितलाय म्हणे. मी हात जोडले. खरंच जोडले, नाटक नव्हतं. ती घाबरून उठली, असं नका करू म्हणाली. संध्याकाळी भाग काढल्याचा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, पण लोकांनी उतरवून घेतलाय, तो फिरत राहणार.

श्रीरंग रात्री जेवताना एवढंच म्हणाला, तिच्याकडे जायला हवंस तू. भाजी वाढून घेतली आणि जेवत राहिला. त्याने रागवायला हवं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले. आणि परत आले.

उमेळ्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरले. ओळखू येत नाही काही. जिथे वाडी होती तिथे सात मजल्यांची बिल्डिंग, तिच्या पायाशी केळीची चार झाडं उरलेली. एका किराणा दुकानात विचारलं, मिठागरावर काम करायच्या त्या यमुनाबाई कुठे राहतात? दुकानदार माझ्याच वयाचा असेल. वहीतून मान वर न करता म्हणाला,

"कोन, ग्रहवाली काय?"

मी विचारलं, ग्रहवाली का म्हणतात? त्याने जरा विचार केला. काय की, म्हणाला, आधीपासून तेच नाव आहे तिचं. पोरं पण तेच बोलतात. मग हाताने रस्ता दाखवला — बिल्डिंगच्या मागे, विहिरीच्या पलीकडे.

विहिरीपर्यंत गेले. तिथून पुढे पाय उचलला नाही. एक डझन अंडी घेऊन घरी आले. का घेतली कोण जाणे, घरात होती.

२३ नोव्हेंबर

ग्रहवाली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज गेले. सगळं नीट लिहायचंय, शब्द न बदलता.

दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. ओट्यावर बसून ती झावळीच्या पात्यांतून हीर, मधल्या बारीक काड्या, काढत होती. खराटे करते. आता डाग असे राहिलेच नाहीत. सगळं तोंड पांढरं, कपाळावर आणि एका कानाशी तेवढा मूळचा रंग उरलाय. मी फाटकाशी उभी राहिले. तिने बराच वेळ बघितलं.

"सिनेमावाली बाय," म्हणाली. "केस पिकलं तुझं."

राग नव्हता आवाजात. त्याने मला जास्तच कसंतरी झालं. बस म्हणाली, ओट्याच्या या टोकाला. स्वतः त्या टोकाला. आत जाऊन चहा केला, कागदी कपात. कप माझ्या हातात दिला नाही. मधे खाली ठेवला आणि मागे सरकली. म्हटलं, बरोबरच आहे. माझ्या हातात कशाला देईल?

इकडचं तिकडचं विचारलं मी. भित्रेपणा, दुसरं काय. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला. मुलगी आहे, दिपिका, लग्न होऊन ती सातिवलीला असते, जावई तिथेच एका कारखान्यात. येते का मुलगी? येते. सणाला येते. मिठागर कधी सोडलं? तेव्हाच, म्हणाली. तो सिनेमा लागला त्यानंतर. तिने सोडलं की सोडायला लावलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

मी विचारलं, तुम्ही बघितला होता का तो?

बघितला होता. शेजारच्या घरी टीव्ही होता. आत गर्दी, म्हणून दारातून. तिचं तोंड दिसलं, मग डॉक्टर आला. डॉक्टर काय बोलला ते ऐकलं आणि ती तिथूनच घरी गेली. पुढचं मागचं काही बघितलं नाही.

मग मी सांगितलं. ती सरकारी फिल्म नव्हती. मी खोटं सांगून तुम्हाला नेलं. ती एक गोष्ट होती, आकाशातल्या ग्रहावरची, बनवलेली. गावाने तुम्हाला जे नाव ठेवलं, बाया जशा वागल्या, ते माझ्यामुळे. मला क्षमा मागायचाही हक्क नाही, पण मागायला आलेय. घरून ठरवून आणलेली वाक्यं होती. सगळी बोलले.

ती हातातला कोयता तसाच धरून ऐकत होती. गावाचं, बायांचं तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. तिने विचारलं ते वेगळंच.

"डाक्टर बोलला ना पन?"

"तो डॉक्टर नव्हता. नट होता. त्याला जे लिहून दिलं ते बोलला."

"कोन लिवून दिलं?"

"मी."

"तुला कोना डाक्टरनं सांगितलं?"

"कुणी नाही. मला सुचलं. काहीतरी कारण हवं होतं पळायला."

झावळ्यांवर एक कोंबडी चढली, तिने हाकलली नाही. मग म्हणाली,

"मंग शिवल्यानं नाय पसरत?"

"नाही. कधीच नाही."

"पोराटोरांना पन नाय?"

"कुणालाच नाही. तुम्ही एवढ्या वर्षांत कुणाला विचारलं नाहीत? दवाखान्यात?"

"सरकारनं टीवीवर सांगितलं," ती म्हणाली. "परत कोनाला विचारू?"

मग तिने पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला. शिवल्यानं नाय पसरत? मी पुन्हा नाही म्हटलं. तिने कोयता खाली ठेवला, पातळ झटकलं, उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी अर्धा तास बसून होते. हाका मारल्या नाहीत. काय म्हणून मारणार? चहा गार झाला, तसाच प्यायले. कागदावर नाव आणि फोन नंबर लिहून हिरांच्या जुडीत खोचला. परत येताना दुकानदार म्हणाला, भेटली का? मी म्हटलं, त्यांचं नाव यमुना आहे. त्याला काही कळलं नाही.

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी निदान ऐकल्या असत्या. दार लावलं. बरोबर केलं.

२५ नोव्हेंबर

फोन नाही. मी कशाला वाट बघतेय? तिने काय म्हणून करावा?

२७ नोव्हेंबर

अश्लेषाला एक लेख लिहून पाठवला. माझ्या नावाने. मेकअपचं खोटं, सरकारी फिल्मचं खोटं, वाक्य माझं. यमुनाचं नाव, गाव काहीही नाही. आणि शेवटी, कोड स्पर्शाने पसरत नाही, हे साध्या शब्दांत. तिने 'तारापार'च्या पानावर वर लावला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लोक माझं कौतुक करतायत. 'प्रामाणिकपणाला सलाम.' 'एवढं कोण कबूल करतं आजकाल.' हात जोडलेली चित्रं. एकाने लिहिलंय, मॅडम तुम्ही ग्रेट आहात. फोन उशीखाली ठेवला. म्हणजे यातूनही मीच काहीतरी मिळवलं! अश्लेषाला सांगून प्रतिक्रिया बंद करायला लावल्या.

श्रीरंगने बहिणीला फोन करून सांगितलं, मेकअप आशाने नव्हता केला. मी सांगितलं नव्हतं त्याला सांगायला. शेजारच्या खोलीतून ऐकत होते.

२९ नोव्हेंबर

ती कडी. कालपासून कानात तेच. पुन्हा जावं का? ठरवलं, नाही. तिच्या दाराशी बसून मला बरं वाटून घ्यायचंय, दुसरं काही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी अनोळखी नंबर. बाईचा आवाज.

"मी दिपिका. यमुनाची मुलगी. आईला तुम्ही काय सांगितलंत?"

मी माफी मागायला लागले. तिने थांबवलं. भांडायला फोन नाही केला, म्हणाली. मग सांगायला लागली, आणि मधेमधे तिला थांबावं लागत होतं.

आई काल सातिवलीला आली. एकटी, रिक्षा करून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. दारात उभी राहून विचारलं, पोरीला घेऊ का? दिपिकाची मुलगी दीड वर्षाची. तिला आजीने आजवर बोट लावलेलं नाही. काल मांडीवर घेतली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. झोपली तरी सोडली नाही. मग ताट वाढून द्यायला गेलेल्या दिपिकाचा हात धरला, आणि तो धरून बसून राहिली.

मी विचारलं, आणि तुम्हाला? लहानपणी?

"नाही. मी वर्षाची होते तेव्हापासून नाही. आत्याने वाढवलं मला, आई जेवण लांबून सरकवायची," दिपिका म्हणाली. "मला वाटायचं, मी तिला नको होते."